पीएलएफएसचं मासिक पत्रक: आकडेवारी चांगली, पण मथळ्यावर थांबू नका

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस, 2017 मध्ये सुरू झालं. त्याआधी रोजगाराचं मोठं सर्वेक्षण साधारण पाच वर्षांनी व्हायचं. जानेवारी 2025 पासून त्याचं रूप पालटलं. वर्षाला सुमारे 1 लाख कुटुंबांऐवजी आता 2,72,304 कुटुंबं निवडली जातात, एकेका कुटुंबाकडे सलग चार महिने विचारणा होते आणि दर महिन्याला पत्रक निघतं. पूर्वी ग्रामीण भागाच्या आकड्यासाठी वार्षिक अहवालाची वाट पाहावी लागे. ती संपली, ही सगळ्यात मोठी जमेची बाजू. शिवाय हे सगळं विनामूल्य आहे.

पत्रक उघडल्यावर बहुतेकांची नजर थेट बेरोजगारी दरावर जाते, आणि नेमका तोच आकडा एकट्याने सगळ्यात जास्त फसवतो. समजा, 15 वर्षांवरील 100 जणांपैकी 57 कामावर आहेत आणि 3 काम शोधताहेत. श्रमशक्ती (कामावर असलेले आणि काम शोधणारे मिळून) झाली 60, बेरोजगारी दर 5 टक्के. त्या तिघांतल्या दोघांनी कंटाळून शोध सोडला, की श्रमशक्ती 58 वर येते आणि दर 1.7 टक्क्यांवर. नोकरी एकालाही लागलेली नाही! म्हणून वाचताना क्रम उलटा ठेवा: आधी कामगार-लोकसंख्या गुणोत्तर (शंभरातले किती कामावर), मग श्रमशक्ती सहभाग दर (शंभरातले किती श्रमशक्तीत), बेरोजगारी दर शेवटी. एप्रिल ते मे 2025 मध्ये बेरोजगारी 5.1 वरून 5.6 टक्क्यांवर गेली. पण त्याच महिन्यात सहभाग 55.6 वरून 54.8 वर आणि गुणोत्तर 52.8 वरून 51.7 वर उतरलं होतं. म्हणजे काम कमी झालंच, शिवाय काही जण श्रमशक्तीतूनच बाहेर पडले. नुसत्या अर्ध्या टक्क्याच्या वाढीवरून हे कळत नाही. मात्र एवढ्यावरून मंदीचा निष्कर्षही काढू नका. रब्बीची कामं आटोपलेली असतात आणि मासिक आकड्यांतून हंगामाचा परिणाम वजा केलेला नसतो. तुलना शक्यतो मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा.

दुसरी गफलत व्याख्यांची. मासिक आकडे ‘चालू साप्ताहिक स्थिती’चे असतात: मागच्या 7 दिवसांत एखाद्या दिवशी किमान 1 तास काम केलं, तरी ती व्यक्ती रोजगारात. वार्षिक अहवालातला गाजणारा आकडा ‘नेहमीच्या स्थिती’चा, म्हणजे 365 दिवसांचा, आणि त्यात किमान 30 दिवस केलेलं दुय्यम कामही धरतात. 2023-24 मध्ये पहिल्या मापाने बेरोजगारी 4.9 टक्के, दुसऱ्याने 3.2. सर्वेक्षण एकच. एकाच आलेखात ही दोन मापं जोडली, की बेरोजगारी वाढल्याचा किंवा घटल्याचा भास होतो. 2025 च्या आधीच्या मालिकेला नवी मालिका चिकटवतानाही हीच काळजी घ्या, कारण नमुन्याची रचनाच बदलली आहे.

कामाचा दर्जा जोखायचा तर वार्षिक अहवालाला पर्याय नाही. 2017-18 ते 2023-24 या काळात स्वयंरोजगारितांचा वाटा 52.2 वरून 58.4 टक्क्यांवर गेला, घरच्या शेतीत वा धंद्यात विनामोबदला राबणाऱ्यांचा 13.6 वरून 19.4 वर, आणि नियमित पगारी 22.8 वरून 21.7 वर घसरले. याच काळात महिलांचा सहभाग 23.3 वरून 41.7 टक्के झाला. ही वाढ साजरी करण्याआधी त्यातल्या किती जणींच्या हातात मोबदला पडला, हे तपासायलाच हवं. आमच्या मते मासिक पत्रकाची सगळ्यात मोठी उणीव इथेच आहे: तीन दरांवरून कामाचा कस कळत नाही.

बाकी तक्रारी थोडक्यात. मासिक पत्रक अखिल भारतीय पातळीचं. त्यावरून महाराष्ट्राबद्दल बोलता येत नाही. सर्वेक्षणातून मिळतात ती प्रमाणं. ‘इतके कोटी रोजगार’ काढायला ती लोकसंख्येच्या अंदाजाने गुणावी लागतात, आणि त्या अंदाजाचा पाया 2011 ची जनगणना. मूळ नोंदी उतरवून घेणार असाल तर भारांक (नमुन्यातली एक नोंद किती जणांच्या वतीने धरायची तो आकडा) लावल्याशिवाय एकही टक्केवारी काढू नका. आधी प्रकाशित अहवालातला एखादा आकडा स्वतः काढून जुळवून बघा. तो जुळला तरच पुढचं गणित करा.