सोसायटीच्या गच्चीवर सोलर: अनुदानावर बसवल्यानंतरचे आठ महिने

जुळे सोलापुरात आमची २४ फ्लॅटची सोसायटी आहे आणि तीन वर्षांपासून मी तिची सचिव आहे. जानेवारीत, ऐन गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात आमचं नेट मीटर (बाहेरून घेतलेली आणि सोलरची बाहेर दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) बसलं. आता दसरा जवळ आला. बाकीच्या सोसायट्यांतून रोज कुणीतरी फोन करून विचारतं, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

लिफ्ट, बोअरची मोटर, जमिनीखालच्या संपमधून वरच्या टाकीत पाणी चढवायचा पंप आणि जिन्यातले दिवे, या सगळ्यांचं कॉमन मीटरचं बिल महिन्याला साडेअकरा-बारा हजारांवर गेलं होतं. युनिट वाढले की दराचा टप्पा (स्लॅब) चढतो, त्यामुळे वरचे युनिट फार महाग पडतात. पीएम सूर्यघर या छतावरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. आम्ही १० किलोवॅट बसवलं, म्हणजे १,८०,०००. शेजारच्या बंगल्याला ३ किलोवॅटवर ७८,००० मिळाले, मग आपल्याला इतके कमी का, यावर सभेत तासभर वाद झाला. एकट्या घराचा दर वेगळा, सोसायटीचा वेगळा, हे मला तीनदा समजावून सांगावं लागलं.

सगळ्यांनी आधी लक्षात घ्यायची गोष्ट ही की अनुदान नंतर येतं. खर्च आपण आधी करायचा. आमचा खर्च ५,५२,००० झाला, कारण गच्चीवर वाळवणं घालता यावीत म्हणून पॅनलखालचं स्ट्रक्चर (सांगाडा) उंच घेतलं. फ्लॅटमागे २३,००० रुपये. सिंकिंग फंडातून घ्या, असं काहींचं म्हणणं होतं. तो फंड इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी असतो, त्याला हात लावायचा नाही, असं ऑडिटरनी स्पष्ट सांगितलं आणि मला ते पटलं. तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंना २३,००० एकदम जमणार नव्हते. त्यांचे आम्ही सहा हप्ते केले. हा ठराव एकमताने झाला, त्याचं मला आजही बरं वाटतं.

कागदपत्रांत मात्र चार महिने गेले आणि चूक आमचीच होती. कॉमन मीटर अजून बिल्डरच्या नावावर होतं. इतकी वर्षं बिल भरत आलो, पण वरचं नाव कुणी वाचलंच नव्हतं. ते बदललं, तर बँक खात्यावरच्या नावात ‘मर्यादित’ नव्हतं. तेही दुरुस्त करून घेतलं. तुमच्या सोसायटीत विचार चालू असेल तर आज वीजबिल, पॅन आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा. कोटेशन नंतर मागवा. कोटेशनमध्ये पॅनल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले आहेत हे लेखी घ्या. नाहीतर अनुदान मिळत नाही. आम्हाला आलेलं सगळ्यात स्वस्त कोटेशन नेमकं यातच बसत नव्हतं.

आता वापराबद्दल. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज पंचेचाळीस युनिटपर्यंत मिळाले. मे महिन्यात ४३-४४ अंश ऊन, म्हणून मी आणखी मोठ्या आकड्याची वाट बघत होते. तसं झालं नाही. पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको. पॅनल तापलं की वीज कमी होते. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत वीस-पंचवीस युनिटांवर भागवावं लागलं. तरी आठ महिन्यांत एकही बिल अडीच हजारांच्या वर गेलं नाही. जादा युनिट रात्रीच्या वापरातून वजा होतात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो, ‘बिल शून्य’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

एका गोष्टीवरून लोक खरंच नाराज झाले. बाहेरची लाइट गेली की आपलं सोलरही बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर (पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) स्वतःच बंद होतो. एप्रिलमध्ये भर दुपारी लाइट गेली तेव्हा वरच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात बसून मला म्हणाले, “बाई, डोक्यावर एवढं ऊन आणि लिफ्ट बंद?” हे मी सभेत आधीच सांगायला हवं होतं. बॅटरी घेतली तर खर्च फार वाढतो, म्हणून आम्ही घेतली नाही.

आणि धूळ. उन्हाळ्यात पंधरा दिवसांत काचेवर इतका थर बसतो की बोटाने नाव लिहावं. धुवायचं तर पाणी लागतं, आणि सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पहिल्यांदा आम्ही बोअरच्या पाण्याने धुतले. वाळल्यावर सगळ्या पॅनलवर क्षारांचे पांढरे डाग, आणि ते घासून काढताना जीव मेटाकुटीला आला. आता नळाला पाणी यायच्या दिवशी पहाटे, पॅनल थंड असताना, वॉचमन दादा आणि मी सहा बादल्या नळाचं पाणी वर नेतो. मऊ फडकं, लांब दांड्याचं वायपर, साबण अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी चार-पाच युनिट वाढलेले दिसतात.

अनुदान मार्चमध्ये खात्यात जमा झालं. फ्लॅटमागे ७,५०० रुपये आले, ते मेंटेनन्समध्ये वळते केले. काकूंचे शेवटचे दोन हप्ते त्यातच फिटले. वायरिंग आणि इन्व्हर्टरची पाच वर्षांची देखभाल बसवणाऱ्याकडे आहे, त्याला दर तीन महिन्यांनी आठवण करावी लागते. गुरुवारी पाणी येणार आहे, तेव्हा दसऱ्याआधीची धुलाई उरकून घेऊ.