‘अजार’साठी ‘लोटलेले’ की ‘किलकिले’?

दार किंचित उघडे आहे हे सांगणाऱ्या इंग्रजीतील ‘अजार’ (ajar) या शब्दासाठी मराठीत ‘लोटलेले’ लिहावे की ‘किलकिले’, असा प्रश्न अनुवाद करणाऱ्याला कधी ना कधी पडतोच. ‘अर्धवट उघडे’ मी विचारात घेत नाही, कारण असे दार अर्ध्यापर्यंत उघडे नसतेच. जेमतेम फट दिसावी, इतकेच ते उघडे असते.

‘लोटलेले’ हा शब्द घरगुती आहे, कानाला खटकत नाही आणि कडी न लावलेले दार तो नेमके दाखवतो. माझे मात्र त्याच्याशी फार काळ जमले नाही. मुंबईच्या चाळीत काय किंवा ब्लॉकमध्ये काय, ‘दार लोटून घे’ असे सांगितले की दार चौकटीला टेकते. त्यामुळे कथेत एका वाक्यात दार लोटलेले असेल आणि पुढच्याच वाक्यात आतल्या दिव्याची तिरीप जिन्याच्या पायरीवर पडत असेल, तर इथला वाचक अडखळतो आणि फटीचा उल्लेख निराळा करावा लागतो. दरवेळी ही कटकट नको, म्हणून मी ‘किलकिले’कडे वळलो. त्यात फट आधीपासूनच असते.

शब्दाचे मूळही, मला वाटते, याच बाजूचे आहे. मध्ययुगीन इंग्रजीतील ‘ऑन चार’, म्हणजे ‘वळत्या अवस्थेत’, यापासून ‘अजार’ झाला. घरकामासाठीचा ‘चोअर’ आणि ‘चारवुमन’ (मोलकरीण) हे त्याच ‘चार’चे सगेसोयरे. (दार केव्हा दार नसते? ते ‘अ जार’, म्हणजे बरणी, असते तेव्हा. या इंग्रजी कोड्यातील बरणीशी नाते फक्त उच्चाराचे, तो ‘जार’ मुळात अरबी.) दार उघडले जात आहे की मिटले जात आहे, हे ‘अजार’ सांगत नाही. ‘लोटलेले’ मात्र मिटण्याकडे झुकते, तर ‘दार किलकिले होते’ हे वाक्य तटस्थ राहते. शिवाय ‘अजार’ इंग्रजीत सहसा नामाआधी येत नाही. ‘किलकिले दार’ आपल्याकडे बिनदिक्कत चालते.

‘किलकिले’ म्हटले की आधी डोळे आठवतात, हा आक्षेप रास्त आहे आणि गंभीर प्रसंगात तो जाणवूही शकतो. मोटारीतील ‘डोअर अजार’ या सूचनेसाठी तर दोन्ही शब्द बाजूला ठेवून ‘दार नीट लागलेले नाही’ असेच लिहावे, आणि पाककृतीतील पातेल्यासाठी ‘झाकण जरा सरकवून ठेवावे’.