चूक समोरच्याची, क्लेम कुणाकडे?

जळगाव-भुसावळ हायवेवर केळीच्या ट्रकनं मागून ठोकलं, डिकी आत गेली. मावसभाऊ विचारतोय, आपल्या इन्शुरन्सकडून पैसे घेऊ की ट्रकवाल्याच्या? एजंट 'सगळं कॅशलेस' म्हणतो, ते सोडा.

वेळ आणि पायपीट: आपल्या कंपनीला लगेच कळवायचं, सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) बघेपर्यंत गाडी खोलू द्यायची नाही, मग काम सुरू. ट्रकच्या कंपनीकडून हवं तर पोलिसांत नोंद, पंचनामा, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, वकील, तारीख पे तारीख.

पैसा: खरी मेख इथं आहे. आपल्याकडे क्लेम केला तर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये आपल्या खिशातून. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात. काचेवर मात्र नाही. वर चूक नसतानाही नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) शून्यावर येतो, हे मला तरी पटत नाही. तो ५० टक्के असेल आणि सवलतीआधी ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) हप्ता समजा ८००० असेल, तर पुढच्या वर्षी ४००० जास्त. पुन्हा तिथवर चढायला पाच वर्षं! न्यायाधिकरणात गेलं तर बोनस शाबूत, पण गॅरेजचं बिल आधी आपण भरायचं.

बिल पाच-सहा हजारांचं असेल तर दोन्हीकडे जाऊ नका, ट्रकमालकाशीच बोला. मोठं असेल आणि गाडी रोज लागत असेल तर आपली कंपनी. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी (फक्त दुसऱ्याचं नुकसान भरणारी) असेल तर न्यायाधिकरणच. कुणाला लागलं असेल तर गाडीचा क्लेम आपल्याकडे करा आणि दुखापतीचा दावा तिकडे लावा. दोन्ही एकदम चालतात.