आंघोळीच्या सोलरवर डिस्कसची टाकी: एका हिवाळ्याचा अनुभव

आमच्या घरात पहाटे साडेपाचला पहिली आंघोळ आईची. नोव्हेंबरात एके दिवशी बाथरूमचं दार किलकिलं करून ती ओरडली, "अरे, माशांची आंघोळ उरकली असेल तर माणसांनी करायची का?" बादलीत हात घालून पाहिलं, पाणी कोमट. गच्चीवरच्या पाणी तापवायच्या सोलरमध्ये दिवसभर साठलेली ऊब माझ्या माशांनी रात्रीत ओढून घेतली होती.

सुरुवातीपासून सांगतो. आम्ही नाशिकला. हॉलमध्ये सहा फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच काचेची टाकी आहे. खालच्या कपाटात फिल्टरची दुसरी टाकी, म्हणजे संप. (कामगारांचा नव्हे.) सगळं मिळून साधारण साडेनऊशे लिटर पाणी आणि त्यात अकरा डिस्कस. मूळचा अॅमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा २८ ते ३० अंशांच्या पाण्यात खुश असतो. आणि नाशिकची थंडी कशी असते ते नाशिककरांना सांगायला नको. पारा दहाच्या खाली जातो आणि शेजारच्या निफाडचे नीचांकी आकडे पेपरात यायला लागतात. मुंबईच्या मित्राला "टाकी तापवतोय" असं सांगितलं, तर तो हसायला लागला. त्याचा प्रश्न उलटा आहे, त्याला मे महिन्यात टाकी गार करायची असते.

आधी तीनशे वॅटचे तीन काचेचे हीटर होते. प्लगला लावायचा छोटा मीटर बसवून पाहिलं, तर ऐन थंडीत ते रोज सात युनिट खात होते. महिन्याचे दोनशेच्या वर. त्यामुळे महावितरणच्या बिलात आम्ही ३०० युनिटांची रेघ ओलांडून वरच्या स्लॅबमध्ये जायचो. तेही सोसलं असतं, पण गेल्या वर्षी फेब्रुवारीअखेर एका हीटरचा थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग) चिकटला आणि हीटर बंदच होईना. दिवसा खोली आधीच गरम, त्यात हा चालू. संध्याकाळी पाणी ३४ अंशांवर. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासे वर येऊन धापा टाकत होते. दोन गेले. तेव्हापासून काचेच्या हीटरवरचा विश्वासच उडाला.

गच्चीवर तीनशे लिटरचा ट्यूबवाला सोलर आहे. घरात माणसं चार, त्यामुळे दुपारनंतर त्यात पाणी नुसतं तापत पडलेलं. ते पाणी टाकीत ओतायचं नाही, फक्त त्याची ऊब घ्यायची, असं ठरवलं. सोलरमधून गरम पाणी पाइपने खाली येतं, संपमध्ये बुडवलेल्या स्टीलच्या वेटोळ्यातून फिरतं आणि परत सोलरच्या थंड बाजूला जातं. दोन्ही पाणी एकमेकांना शिवत नाहीत. मधे एक छोटा सर्क्युलेशन पंप, ४५ वॅटचा, गरम पाण्याला चालणारा.

वेटोळं नाशिकच्याच अंबडमधल्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतलं: ३१६ नंबरचं, सहसा न गंजणारं स्टील, १२ मिलिमीटर व्यासाची सहा मीटर नळी. गॅस गिझरची जुनी तांब्याची कॉइल फुकट मिळत होती, पण तांबं टाकीत नको म्हणजे नको. गोगलगाई आणि कोळंबी तर थोड्याशा तांब्यानेही मरतात, माशांनाही ते चांगलं नाही. पाइप सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकचे, आणि वरून काळ्या फोमची नळी. हा फोम नाशिकच्या उन्हात चार महिन्यांत भुगा होऊन गळायला लागला, म्हणून नंतर त्यावर अॅल्युमिनियमची टेप गुंडाळली. ती पहिल्या दिवशीच गुंडाळा.

सगळं मिळून २४ हजारांच्या आसपास गेले. त्यातला निम्मा खर्च पाइप आणि मजुरीचा.

पहिले दोन दिवस पंप नुसता घुरघुरत होता. पंप गरम, वेटोळं गार. प्लंबरमामा म्हणाले, "साहेब, हवा धरलीये." खिडकीतून आत वळताना पाइप उलट्या यू आकाराचा झाला होता, हवा तिथे अडकली होती. त्या उंच जागी हवा सोडायचा एक छोटा व्हॉल्व्ह बसवला. फुस्स करून हवा गेली आणि पाच मिनिटांत वेटोळ्याला हात लावता येईना.

तिसऱ्या दिवशी बायकोची तक्रार: बाथरूमचा गरम नळ सोडला की आधी गरम, मग गार, मग परत गरम. याला मात्र डोकं खाजवावं लागलं. नळ उघडला की गरम लाइनचा दाब उतरतो आणि थंड बाजूचं पाणी माझ्या नव्या पाइपातून उलटं वाहत, वेटोळ्यातून फिरून थेट नळाला येतं. परतीच्या पाइपावर एक एनआरव्ही टाकला, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा, आणि प्रश्न मिटला. चारशे रुपयांची वस्तू. ज्यांच्याकडे सोलरची लाइन बाथरूमलाही जाते त्यांनी ती आधीच बसवून घ्या, नाहीतर घरातली माणसं माशांवर उठतील.

मग आईचं कोमट पाणी. टाकीचं तापमान बघून पंप चालू-बंद करणारा कंट्रोलर २८.५ अंशांवर लावून मी पंप चोवीस तास त्याच्या ताब्यात दिला होता. थंडी रात्रीची, म्हणून पंप रात्रीच चालायचा, आणि रात्री सोलर भरून द्यायला सूर्य नसतो. हिशेब साधा आहे. साडेनऊशे लिटर पाणी एक अंश तापवायला साडेनऊशे किलोकॅलरी, म्हणजे सुमारे १.१ युनिट लागतं. रात्रभरात चार-पाच युनिट ऊब टाकीकडे गेली की तीनशे लिटरच्या सोलरचं तापमान बारा ते चौदा अंशांनी उतरतं. त्यातून संध्याकाळी भांड्यांना आणि आंघोळीला पाणी काढलं की तेवढंच गार पाणी सोलरमध्ये येतं. पहाटे आईच्या वाट्याला काय उरणार?

आता पंपावर टायमर आहे, दुपारी बारा ते पाच. ऊन असतं तेव्हाच ऊब काढायची. पाच वाजेपर्यंत टाकी ३० अंशांवर नेतो. रात्री ती हळूहळू २८ वर उतरते. दहा-अकरा तासांत दोन अंश उतरले तर डिस्कसला त्रास होत नाही, निदान माझ्या डिस्कसना झाला नाही. एवढं पाणी हाच माझा साठा. सोलर परत तापतो, आईची बादली वाफाळते. हे सुचायला मला तीन आठवडे आणि आईची बोलणी लागली.

सगळ्यात मोठी चूक डिसेंबरात झाली. दोन दिवस अवकाळी ढग. तेव्हा टायमर होता, पण "आज जरा जास्त चालू दे" म्हणून मी तो बाजूला ठेवून पंप पुन्हा नुसत्या कंट्रोलरवर सोडला होता. आणि फुशारकीत हीटरही काढून ठेवले होते. सोलरमधलं पाणी संध्याकाळपर्यंत टाकीपेक्षाही गार झालं. कंट्रोलरला एवढंच कळतं की टाकी गार आहे, तर पंप चालू ठेव. पंप इमानेइतबारे रात्रभर चालला आणि टाकीची ऊब गच्चीवर नेऊन सोडत राहिला! सकाळी मुलीने हाक मारली, "बाबा, सगळे मासे काळे पडलेत." पाणी साडेपंचवीस अंश. अंगावर उभे गडद पट्टे, पंख मिटलेले, सगळे एका कोपऱ्यात. दोन दिवस कुणी तोंडात घास घेतला नाही. मेलं कुणी नाही, हे नशीब.

त्यानंतर दुसरा कंट्रोलर घेतला. सोलरचं पाणी ४० अंशांच्या वर असेल तरच पंपाला वीज मिळते. त्याचा सेन्सर आधी मी पाइपाला बांधला होता, तो उपयोगाचा नाही. पंप बंद असला की पाइपातलं पाणी गार पडतं आणि पंप कधी सुरूच होत नाही. सेन्सर सोलरच्या टाकीच्या गरम तोंडाशी, पफच्या (ऊब धरून ठेवणाऱ्या फोमच्या) आत खुपसावा लागतो.

याच्या उलट धोका जास्त भयानक आहे. कंट्रोलरमधला रिले, म्हणजे पंपाची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, चिकटला आणि पंप थांबलाच नाही तर? ६५ अंशांचं तीनशे लिटर आणि २९ अंशांचं साडेनऊशे लिटर यांची ऊब सारखी वाटली गेली, तर दोन्ही साडेसदतीसवर येतात. म्हणजे माशांचं सार. म्हणून ३१ अंशांना वीज तोडणारा तिसरा, वेगळा थर्मोस्टॅट पंपाच्या त्याच विजेच्या लाइनीत आहे. यात काटकसर करू नका. पाच माणसांना विचारलं तर चार म्हणतील एक कंट्रोलर पुरे. त्यांच्याकडे डिस्कस नसतात.

आता बचतीचं. काचेच्या मागच्या आणि बाजूच्या अंगाला, तसंच तळाखाली इंचभर थर्माकोल लावला, वर पॉलिकार्बोनेटची झाकणं ठेवली. हे डिसेंबरच्या फजितीनंतर केलं, खर्च दीड हजारही नाही. टाकीला लागणारी ऊब त्यानेच दिवसाला दोन युनिटांनी कमी झाली. २४ हजारांचं प्लंबिंग जेमतेम तीन युनिट देतं आणि दीड हजाराचा थर्माकोल दोन, हे बायकोने बोलून दाखवलं आणि मला उत्तर नव्हतं. पैसे कमी असतील तर आधी थर्माकोल लावा आणि एक हिवाळा काढून बघा.

उरलेले पावणेदोन-दोन युनिट हीटर खातो. हो, एक हीटर परत लावला आहे, २८ वर. पहाटे तीन-चारनंतर आणि ढगाळ दिवशी तोच टाकी सांभाळतो. सात युनिटांवरून दोनवर आलो. चार महिन्यांच्या थंडीत सहाशेच्या आसपास युनिट वाचले. माझ्या बिलाच्या दराने पैसे वसूल व्हायला तीन ते चार हिवाळे लागतील.

एक फायदा मी धरलाच नव्हता. लाइट गेली की नऊशे वॅटचे हीटर इन्व्हर्टरवर टाकायची सोय नव्हती. ४५ वॅटचा पंप आणि हवेचा पंप मात्र आरामात चालतात. जानेवारीत दुपारी तीन तास लाइट नव्हती, टाकीला पत्ताही लागला नाही.

फेब्रुवारीत पाणी तापायला वेळ लागू लागला. सुरुवातीला पाऊण तासात एक अंश चढायचा, आता दीड तास. आमच्या बोअरचं पाणी जड, वेटोळ्यात आतून क्षार धरले होते. दोन्ही टोकांना युनियन, म्हणजे फिरवून सोडवता येणारे जोड असल्यामुळे वेटोळं काढायला दहा मिनिटं लागली. बादलीत लिंबूफूल विरघळवून छोट्या पंपाने तासभर फिरवलं, पांढरा गढूळ रबडा निघाला. बाहेरचं शेवाळ जुन्या टूथब्रशने घासलं. युनियन न टाकता पाइप चिकटवून टाकले असते तर करवत घ्यावी लागली असती.

आता एप्रिल आहे. टाकी आपोआप ३० वर आहे, येणाऱ्या आणि परतीच्या पाइपावरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, पंपाचा प्लग काढून ठेवलाय. उन्हाळ्यात सोलरचं पाणी ऐंशीच्या पुढे जातं, तेव्हा नुसत्या कंट्रोलरवर भरवसा ठेवायचा नाही. पुढच्या दिवाळीआधी फोम बदलायचा आहे, वेटोळं पुन्हा धुवायचं आहे. आणि सोलरच्या तापमानाचा एक डिस्प्ले बाथरूमच्या दाराशी लावायचा आहे, ही आईची अट.