जांबोटीची ओढाफेरी: वाटाड्या उत्तम, जीपवाल्याला मात्र समज द्यावी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे एका घरगुती निवासाचे चालक सकाळी ओढ्याकाठची पायी फेरी घडवून आणतात. वाघ-बिबट्याचे आमिष न दाखवता केवळ पाण्यातल्या जिवांविषयी बोलणारी ही फेरी मला आवडली, आणि त्याचे श्रेय वाटाड्या मामांचे आहे.

ओढ्यातल्या सपाट कातळावर त्यांनी पाणमांजराची वाळलेली विष्ठा दाखवली. काडीने उकलताच तीत खेकड्यांच्या कवचाचे तुकडेच तुकडे निघाले. माशांचे खवले जवळपास नव्हते, त्यावरून हे लहान नखांचे पाणमांजर असावे, असे मामा म्हणाले. हा प्राणी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याची शिकार कुठेही केली तरी गुन्हाच आहे. त्याच्या ओढ्याचे मात्र तसे नाही. २०११ साली घोषित झालेल्या, सुमारे १९० चौरस किलोमीटरच्या भीमगड अभयारण्यात येणारा किंवा तेथून बाहेर जाणारा प्रवाह कलम २९ नुसार परवान्याशिवाय वळवता वा अडवता येत नाही. ज्या ओढ्याचा अभयारण्याशी संबंधच नाही, त्याला या कलमाचा आधार मिळत नाही, आणि आम्ही उभे होतो तो ओढा नेमका तसाच होता. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याने कळसा-भांडुरा प्रकरणी, म्हणजे म्हादई नदीचे पाणी वळवण्याच्या प्रकल्पावरून, कर्नाटकाला याच कलमाखाली नोटीस बजावली होती, हेही मामांनी सांगितले. (आपल्याकडे म्हादईचे नाव निघाले की आवाज चढतात, त्यांचा चढला नाही.)

एक उणीव जाणवली. अभयारण्यालगतच्या सरकारी जमिनीवर, स्थानिकांशी विचारविनिमय करून, कलम ३६-अ खाली संवर्धन राखीव क्षेत्र घोषित करता येते, आणि तुंगभद्रेकाठी पाणमांजरांसाठी कर्नाटकाने २०१५ साली ते केलेही आहे. अभयारण्याबाहेरच्या ओढ्यांना संरक्षण देण्याचा हा मार्ग मामांच्या बोलण्यात आलाच नाही.

न्याहारी ठीकठाक होती. खरा राग आला तो परतताना. जीपवाल्याने आम्हाला उतरवून जीप थेट ओढ्यात घातली आणि साबण लावून धुवायला घेतली. फेस त्या कातळाच्या दिशेनेच वाहत होता. मी हटकले, तर उत्तर मिळाले, “साहेब, हद्द पलीकडं हाय की!” निवासाच्या चालकांनी दिलगिरी व्यक्त केली खरी, पण हे थांबवणार असे काही म्हणाले नाहीत, म्हणून पाचपैकी साडेतीन गुण देतो.