भुंगेरे बघायची नाईट वॉक, त्र्यंबक रोड, नाशिक: चार स्टार, पाचवा का कापला ते पण लिहितोय

ऑगस्टात दोन दिवस उघडीप होती तेव्हा अण्णांना घेऊन गेलो होतो. अण्णा म्हणजे वडील, दिंडोरीला द्राक्षबाग आहे आमची, त्यामुळे भुंगेरा म्हटलं की त्यांच्या डोक्यात दोनच नावं, उडद्या नाहीतर हुमणी, आणि पुढचा प्रश्न फवारायचं काय. माणशी ५०० रुपये देऊन किडे बघायचे हे त्यांना जाताना अजिबात पटत नव्हतं.

सुरुवात संध्याकाळी ५ ला, गंगापूर धरणाच्या मागच्या माळरानावर. मला वाटलं डायरेक्ट झाडीत नेतील, इथं तर नुसतं गवत, मुरूम आणि चार बाभळी. पण गाईड पोरानं सगळ्यांना एका शेणाच्या पोपाशी उकिडवं बसवलं आणि पुढचा अर्धा तास कसा गेला कळलंच नाही. शेणभुंगे तीन तऱ्हेचे असतात, काही गोळा करून मागच्या पायांनी ढकलत लांब नेतात, काही पोच्या खालीच बोगदा पाडून शेण आत पुरतात, काही त्या शेणातच राहतात. आम्हाला पहिले दोन दिसले. शेण जमिनीत गेलं की खत आपोआप मुरतं, माती भुसभुशीत होते, माश्यांना अंडी घालायला जागा उरत नाही. मग त्यानं अण्णांना विचारलं, काका, गाईंना जंताचं इंजेक्शन कुठलं देता? आयव्हरमेक्टिन दिलं की ते बरंचसं शेणातूनच बाहेर पडतं आणि पुढचे कितीतरी दिवस त्या शेणातल्या भुंग्यांच्या अळ्या मरतात. अण्णा एकदम गप्प झाले.

तिथंच उघड्या मुरमावर टायगर बीटल नावाचे शिकारी भुंगेरे बघितले. इतक्या जोरात पळतात की पळताना त्यांना नीट दिसत नाही म्हणे, म्हणून मध्येच थांबून परत सुटतात. यांच्या अळ्या कडक मोकळ्या जमिनीत सरळ खाली जाणाऱ्या बिळात तोंड वर करून बसतात आणि मुंगी आली की धरतात. म्हणजे आपण ज्याला ओसाड म्हणतो ती जागाच त्यांचं घर. बाभळीवर सोनपाखरू सापडलं तेव्हा तर अण्णा ६५ वर्षांचे राहिलेच नाहीत, काडेपेटीत बाभळीचा पाला घालून कसं सांभाळायचो ते सगळ्या पोरांना सांगत बसले.

रात्रीचा भाग अंजनेरीच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या खासगी झाडीत. पांढरी चादर, लाईट, आणि त्यावर गेंड्या भुंगा, लांब मिशांचे भुंगेरे, बारीक तर किती. जगात आतापर्यंत नाव दिलेल्या प्राण्यांत साधारण चौथा हिस्सा भुंगेरेच आहेत, ४ लाखांच्या आसपास जाती, हे तिथं उभं राहून ऐकलं की खरं वाटतं. तासाभरानं लाईट बंद केला, का तर किडे रात्रभर चादरीलाच चिकटून राहू नयेत, हे मला फार आवडलं. पडलेलं कुजकं खोड दाखवलं, पण फोडलं नाही, आतल्या अळ्यांना काहीकाही वेळा दोनतीन वर्षं लागतात मोठं व्हायला. अण्णांनी लगेच विचारलं, मग बागेत पण वाळकं लाकूड ठेवू का, तर पोरगा सरळ म्हणाला नको काका, द्राक्षाला खोडकिडा लागतो, तिथं ठेवू नका, जंगलातलं मात्र सरपणाला नेऊ नका. असं खरं उत्तर देणारा माणूस हवा.

आता कापलेला स्टार. सांगितलं होतं १५ जण, आलो ३० च्या वर, सगळ्यांचे हेडटॉर्च डोळ्यात. ते एकवेळ चालेल. पण माळरानावरून निघताना आयोजकांनी प्रत्येकाच्या हातात एक रोप दिलं, पॅकेजमध्ये आहे म्हणे, आणि खड्डे कुठं खणले होते तर जिथं आत्ता तासाभरापूर्वी टायगर बीटलची बिळं दाखवली होती बरोबर तिथंच. मी रोप परत दिलं. गाईडचा चेहरा पडला होता, ते ठरवणं त्याच्या हातात नाही हे दिसत होतं. माळावर झाडं लावली की सावली येते, मोकळी माती झाकली जाते, आणि उन्हातले हे भुंगेरे जागा सोडतात, मग पुढच्या वर्षी दाखवणार काय? आयोजक वाचत असतील तर प्लीज ते बंद करा, रोपं द्यायचीच तर घरी न्यायला द्या.

बाकी नक्की जा. बूट घाला, टॉर्चला लाल कागद लावा, लहान पोरं न्या. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना फोन करून इंजेक्शनला दुसरा पर्याय विचारला, आणि सप्टेंबरच्या बॅचला माझ्या काकांचं पण नाव दिलंय.