लाइव्ह शेअर: जोडीच्या प्रॅक्टिकलला झकास, मार्क देताना डोकेदुखी

व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरचं लाइव्ह शेअर हे एक्स्टेन्शन (एकच कोड दोघांना आपापल्या मशीनवरून एकत्र लिहू देणारी जोड) फुकट आहे आणि दोघादोघांत प्रॅक्टिकल करून घ्यायला चांगलं आहे. एकाने आपलं फोल्डर उघडून सेशन सुरू करायचं, लिंक आपोआप कॉपी होते, ती जोडीदाराला पाठवायची. कोड यजमानाच्या, म्हणजे सेशन सुरू करणाऱ्याच्या, मशीनवरच चालतो, त्यामुळे जोडीदाराकडे कंपायलर नसला तरी अडत नाही. निम्म्या मशीनवर जीसीसी (सी भाषेचा कंपायलर) नाही, अशा लॅबला हे वरदानच. सेशन सुरू करणाऱ्याला मायक्रोसॉफ्ट किंवा गिटहब खातं लागतं; ते आदल्या दिवशीच काढून घ्या, नाहीतर पहिला अर्धा तास पासवर्ड आठवण्यातच जातो.

हमखास अडतं ते टर्मिनलपाशी, म्हणजे प्रोग्रॅम चालवायच्या खिडकीपाशी. टर्मिनल फक्त बघण्यापुरतं शेअर केलं असेल, तर प्रोग्रॅम स्कॅनएफवर (इनपुट घेणाऱ्या ओळीवर) थांबतो आणि जोडीदार कितीही टाइप करो, काही उमटत नाही. मुलांना वाटतं कोड चुकला. यजमानाने टर्मिनल लिहिण्याच्या परवानगीसह शेअर करायचं, बस्स. मात्र ही परवानगी म्हणजे त्याच्या अख्ख्या मशीनची किल्ली, हेही सांगून ठेवा.

जोडणी होत नसेल तर फायरवॉल बघा. थेट जोडणीला 5990 ते 5999 यांतलं पोर्ट लागतं. ते बंद असेल तर 443 वरून इंटरनेटमार्गे रिले होतं. म्हणजे शेजारच्या बाकावरचा कोडसुद्धा बाहेरून फिरून येतो, आणि कॉलेजचं नेट रडकं असेल तर कर्सर अडखळतो.

खरी गोची मूल्यमापनाची. फाइल यजमानाच्या डिस्कवर, म्हणून गिटमधली बदलांची नोंद, म्हणजे कमिटही, त्याच्याच नावावर. जोडीदाराने सगळं लूप लिहिलं तरी गिटच्या इतिहासात तो नाहीच. उपाय आहे: कमिट मेसेजच्या शेवटी एक ओळ मोकळी सोडून ‘को-ऑथर्ड-बाय’ आणि जोडीदाराचं नाव-ईमेल, अर्थातच इंग्रजीत. ईमेल गिटहब खात्याचाच हवा, नाहीतर नाव जुळत नाही. तरीही कुणी किती लिहिलं ते यातून कळत नाही, त्यासाठी व्हायवाच. त्यापेक्षा दर 20 मिनिटांनी लिहिणारा बदलायला लावा आणि प्रत्येक बदलाआधी कमिट करायला लावा.

यजमानाने सेशन बंद केलं की जोडीदाराच्या हाती काहीच उरत नाही. बॅच संपण्याआधी 10 मिनिटं पुश करून घ्या, म्हणजे कमिट गिटहबवर चढवून घ्या.